तळाशी बसलेलं औषध

माझे भावोजी लाकडाला पॉलिश करतात, आणि माणसांशी बोलतातही तसेच. एक हात देऊन वाळायला ठेवतात. पुढचं वाक्य दुसऱ्या दिवशी. ताईनं त्यांना पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. हा उंच, किडकिडीत माणूस समोर ठेवलेल्या चहाकडे न बघता चहाखालच्या टेबलाकडे बघत बसला. आईनं घरची चौकशी केली, बाबांनी कामाची केली, आणि बऱ्याच वेळानं हा म्हणाला, "याला पाण्याचे डाग पडलेत. काढून देऊ का?" त्या दिवसाचं त्यांचं बोलणं एवढंच. मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले होते. त्याला आता बत्तीस वर्षं झाली.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. फ्रेम बसवायची, दांड्या वाकवायच्या, नाकावर रुतणाऱ्या गाद्या बदलायच्या. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत वीतभर अंतरावरून बघायचं. लग्न केलं नाही. एवढ्या डोळ्यांत बघूनही हिला एक जोडी पसंत पडली नाही, असं ताई सगळ्यांना सांगते. राहते मी त्यांच्याच इमारतीत, एक मजला खाली, त्यामुळे माझ्या डोक्यावर त्यांचा संसार चालतो असं म्हणायला हरकत नाही. खुर्ची सरकली की भावोजी उठले, भांडं पडलं की ताई चिडलीय, हे मला छताकडे बघून कळतं.

भावोजींना फिट येते. शाळेत असल्यापासून. लग्नाआधीच त्यांनी ताईला ते सांगितलं होतं, आणि ताईनं "बरं" म्हटलं होतं. वर्षानुवर्षं ते रोज तीन गोळ्या घेत आले. वर्षातून एखादी फिट, कधी तीही नाही. पण त्या गोळ्यांची एक किंमत होती. भावोजी नेहमी थोडे लांब असायचे, काचेवर वाफ धरलेली असते ना, तसे काचेपलीकडे. आपण काही सांगितलं की ते पोचायला क्षणभर वेळ लागायचा, आणि मग ते हळूच हसायचे. मी तो त्यांचा स्वभाव समजत होते. आम्ही सगळेच समजत होतो.

त्यांचं वर्कशॉप इमारतीच्या मागच्या आवारात आहे. एकच लांबट खोली, उत्तरेकडे मोठ्या खिडक्या, आणि स्पिरिटचा असा वास की आत शिरलं की डोकं हलकं होतं. तिथे पंखा लावायचा नाही, कारण धूळ उडते. ओले कपडे घालून यायचं नाही. आणि बाटली हलवायची नाही. लाखेचं पॉलिश हलवलं तर त्यात बारीक बुडबुडे धरतात, बुडबुडा लाकडावर बसतो, वाळला की टाचणीच्या टोकाएवढा खड्डा राहतो, आणि मग सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून बाटली एका जागी ठेवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं स्वच्छ तेवढं अलगद ओतून घ्यायचं. शेवटचा हात त्या वरच्या पॉलिशनं. तळाशी राहतं ते मेण आणि कचरा, ते टाकायचं. शिवाय कंपनीचं लेबल त्यांना बघवत नाही. प्रत्येक बाटलीवर पांढऱ्या कागदाची पट्टी, तिच्यावर त्यांच्या सुरेख अक्षरात नाव.

ही शिस्त केव्हाच जिना चढून घरात आली होती. तेलाची बाटली असो, शाईची असो, ताई ती लहान बाळासारखी दोन्ही हातांत धरून ठेवायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिनं कसलीशी बाटली खळखळ हलवली तेव्हा भावोजी खुर्चीतून अर्धे उठले होते म्हणे. तेव्हापासून ताईनं कानाला खडा लावला. दुसऱ्यांच्या घरी लोक सांगतात की आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही, तशी ही सांगायची की आमच्याकडे बाटली हलवत नाहीत. मात्र टाकून देणं हे तिच्या रक्तात नाही. टूथपेस्टची नळी कात्रीनं उभी कापून आतून पुसून घेणारी बाई आहे ती. साबणाचे चिटुकले तुकडे एकमेकांना चिकटवते आणि त्याला नवा साबण म्हणते.

थंडी संपता संपता भावोजींच्या घशात गोळ्या अडकायला लागल्या. एकदा तर ते निळेजांभळे झाले आणि ताईनं पाठीत गुद्दे घालून गोळी बाहेर काढली. घशाची तपासणी व्हायला वेळ होता, म्हणून डॉक्टरबाईंनी तेच औषध पातळ लिहून दिलं. मोठी तपकिरी बाटली आली. ताईनं सवयीनं पांढरी पट्टी कापली, भावोजींनी तिच्यावर "सकाळ-संध्याकाळ" असं लिहिलं, आणि तिनं ती लेबलावर नीट चिकटवून फडताळात बाटली ठेवली. रोज दोनदा ती बाटली अलगद उचलायची, अलगद ओतायची आणि अलगद जागेवर ठेवायची.

मग दोन आठवडे आमच्या घरात एक वेगळाच माणूस राहायला आला.

आधी ते माझ्या दुकानात आले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, माझा नंबर बदललाय का बघ. मी तपासलं. नंबर तोच. "मग सगळं इतकं स्वच्छ कसं दिसतंय?" असं विचारत ते काचेच्या कपाटातल्या फ्रेमकडे बघत राहिले. त्या आठवड्यात ते बोलायला लागले. जेवताना एक विनोद सांगितला; तो विनोद फार बरा नव्हता, पण ताईनं चमचा खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. एका वाचनालयाचं जुनं पुस्तकांचं कपाट त्यांच्याकडे कामाला आलं होतं. मला मुद्दाम खाली बोलावून ते म्हणाले, बघ, या लाकडात हिरवा आहे, इतकी वर्षं मला तो दिसलाच नव्हता. मला फक्त तपकिरी दिसत होतं, पण मी हो म्हटलं. खिडकीतून उजेड येत होता, खोलीभर तो वास, आणि हा साठीला टेकलेला माणूस हातातली कापसाची पुरचुंडी लाकडावर इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत एखाद्या लहान मुलासारखा हसत होता. तसे दिवस त्यांच्या वाट्याला फार आले नसावेत.

पंधराव्या दिवशी त्याच कपाटासमोर त्यांना फिट आली. मोठी. कपाळाला खोक पडली. डॉक्टरबाईंनी टाके घातले आणि औषध थोडं वाढवलं. पातळ औषध यांच्या अंगी नीट लागत नसेल, असा त्यांचा अंदाज होता. बाटलीबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. घरी आल्यावर ताईनं वाढवलेला डोस त्याच बाटलीतून द्यायला सुरुवात केली. बाटली आता खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर आली होती. औषध जरा दाट येतं, असं ती मला म्हणाली. मी म्हटलं, मग चांगलंच आहे की. हे माझं वाक्य मला अजून अधूनमधून ऐकू येतं.

भावोजी पुन्हा लांब गेले. या वेळी वाफेपलीकडे नाही, पार पाण्याखाली. पहिल्या दिवशी नुसतीच झोप. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला दोन्ही हातांनी धरून उतरले. तिसऱ्या दिवशी बोलताना शब्द एकमेकांत विरघळायला लागले. तळमजल्यावर एक निवृत्त पोस्टमन राहतात, त्यांनी मला पायरीवर गाठलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की तुमच्या भावोजींनी या वयात प्यायला सुरुवात केलेली दिसते, चारचौघांत बोलायचं नाही म्हणून तुम्हाला सांगतो. मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. पण तशीच वर गेले. ताईला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, डोस वाढवलाय, अंगवळणी पडायला वेळ लागणारच. ताई नेहमीच शांत असते. आमच्या घरात काही झालं की मी आरडाओरडा करते आणि ती पाणी उकळायला ठेवते.

पाचव्या दिवशी रविवार होता. दुपारी ताई म्हणाली की यांचा चष्मा सारखा घसरतोय, जरा बघ. मी माझा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वर गेले. भावोजी खिडकीपाशी खुर्चीत होते. पडदा हलत होता, त्यांच्या चेहऱ्यावर उजेडाची एक पट्टी येत होती आणि जात होती. मला बघून ते गोड हसले. "दोघी आलात?" त्यांनी विचारलं.

ताई स्वयंपाकघरात होती. खोलीत मी एकटीच होते.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले, फ्रेम नाकावर ठेवली आणि नेहमीसारखं म्हटलं, डावीकडे बघा. डोळे डावीकडे गेले, तिथे टिकेनात. हळूच मध्याकडे घसरले, झटक्यानं परत डावीकडे, पुन्हा घसरले, पुन्हा झटका. उजवीकडे बघा म्हटलं. तेच. चष्म्याला काही झालेलं नव्हतं. बत्तीस वर्षं मी हे डोळे बघतेय, त्यांच्याइतके स्थिर डोळे आमच्या दुकानात कुणी घेऊन आलेलं नाही. माझी पाचावर धारण बसली. तशीच उठून मी डॉक्टरबाईंना फोन लावला.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं, शेवटचा डोस केव्हा दिला? सकाळी, ताईनं सांगितलं. बाटली संपली होती, तळाला बरंच चिकटलं होतं, म्हणून तिनं त्यात दोन चमचे पाणी घालून, बोटानं फिरवून, सगळं धुऊन त्यांना पाजलं होतं. मग डॉक्टरबाईंनी एकेक गोष्ट सावकाश सांगितली. संध्याकाळचा डोस द्यायचा नाही. उलटी करवायची नाही. झापड आहे तोवर खायला-प्यायला काही द्यायचं नाही, श्वासनळीत जाईल. एकट्याला पाऊलही टाकू द्यायचं नाही. आडवं करायचं ते कुशीवर. रुग्णवाहिका बोलवा, आणि रिकामी बाटली न धुता सोबत आणा.

रुग्णालयात त्यांचं रक्त घेतलं, छातीला तारा लावल्या, हाताला सलाइन लावलं, पलंगाचे कठडे वर केले. रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरबाई आम्हाला बाजूला घेऊन गेल्या. औषध अंगात पाहिजे त्याच्या दुपटीहून जास्त झालं होतं. त्यांच्या हातात ती रिकामी बाटली होती. नखानं त्यांनी पांढऱ्या पट्टीची कड उचलली आणि पट्टी सोलून काढली. खाली लाल अक्षरात एक ओळ होती.

"बाटली हलवून देत होता ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "आमच्याकडे बाटली हलवत नाहीत."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं की हे औषध पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगतं, आणि बाटली ठेवली की तळाला बसतं. पहिले दोन आठवडे यांना वरचं पाणचट मिळालं, म्हणून फिट आली. नंतर खालचं सगळं एकदम मिळालं, तेही वाढवलेल्या मापानं. आणि हे औषध एकदा मापाबाहेर गेलं की शरीर ते फार हळू उतरवतं. त्यावर उतारा असा नाही. कुणी नुकतंच एकदम गिळलं असेल तर कोळशाची भुकटी पाजून थोडं अडवता येतं, पण यांच्या अंगात ते पाच दिवस मुरत गेलंय, आणि एवढ्या झापडीत काही पाजणंच धोक्याचं. आता श्वास सांभाळायचा, हृदयावर लक्ष ठेवायचं, पडू द्यायचं नाही, दर काही तासांनी रक्त बघायचं आणि वाट बघायची. मात्र उतरतानाही डोळ्यांत तेल घालून बसावं लागेल, कारण फार खाली उतरलं तर पुन्हा फिट, आणि या अवस्थेतली फिट त्यांना परवडणारी नाही.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. पट्टी डॉक्टरबाईंच्या बोटाला चिकटली होती, ती सोडवून घेऊन तिनं घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. लांब खोली होती, सहा पलंग, फिकट हिरव्या भिंती. दुपारी उन्हाचे चौकोन जमिनीवरून सरकत भावोजींच्या पलंगाखाली शिरायचे. कुठेतरी चाकांची ढकलगाडी कुरकुरत जायची आणि बराच वेळ जातच राहायची. मी खुर्चीत बसल्याबसल्या पेंगायचे, आणि पेंगेत मला वाटायचं की आम्ही सगळे एका मोठ्या तपकिरी बाटलीत आहोत आणि हळूहळू खाली बसतोय, कुणी हलू नका असं कुणीतरी सांगतंय. दचकून उठले की ताई समोर ताठ बसलेली. तिच्या वहीत वेळा लिहिलेल्या: श्वास, नाडी, किती वाजता डोळे उघडले, किती वाजता मिटले. नर्सपेक्षा नीट.

भावोजी मात्र आनंदात होते, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या झापडीत ते जे बोलत होते ते अर्धं कळायचं, पण आवाजात कुठे काळजी नव्हती. छताला दुसरा हात द्यायला हवा, असं त्यांनी नर्सला सांगितलं. शेजारच्या पलंगावर एक वाहनचालक पाय मोडून पडले होते. त्यांना म्हणाले की तुमच्या मागे उभी आहे ती बाई फार छान आहे, तिलाही बसायला सांगा. वाहनचालकांनी मागे वळून बघितलं, भिंत होती. त्यांनी बिचाऱ्यांनी सरकून जागा केली. आणि सतत भावोजींचा उजवा हात चादरीवर फिरत असायचा. आठच्या आकड्यात, हलका, न थांबता. ताई त्या हाताखाली चादर सपाट करून द्यायची.

दुसऱ्या दिवशी रक्तातलं प्रमाण उतरायच्या ऐवजी चढलं. आतड्यात राहिलेलं अजून मुरतंय, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या दुपारी भावोजींचा हात थांबला. हाक मारली तर पापणी हलायची, तेवढंच. श्वास इतका संथ की एक श्वास गेल्यावर दुसरा येईपर्यंत मी माझा धरून ठेवायचे. मी दुकानात फोन करून सांगितलं की मी येणार नाही, केव्हा येईन तेही माहीत नाही, आणि मग जिन्यात जाऊन मोठमोठ्यानं रडले. परत आले तर ताई त्यांच्या कानाशी वाकून कुजबुजत होती. मला वाटलं, त्यांना धीर देत असेल. जवळ गेल्यावर कळलं, ती मिनिटाचे श्वास मोजत होती.

तिसऱ्या दिवशी थोडं उतरलं. हात पुन्हा फिरायला लागला, आणि मला इतका आनंद झाला की मी त्या हाताची टिंगल केली. चादर चमकायला लागली म्हटलं. ताई आंघोळीला घरी गेली होती. भावोजींनी डोळे उघडले, माझ्या आसपास कुठेतरी रोखले आणि जड जिभेनं, एकेक शब्द शोधत मला सांगितलं की बाटलीच्या तळाला गाळ बसतोय हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं. वरचं किती स्वच्छ होतं, म्हणाले, वरचं घेत होतो तेव्हा सगळं दिसत होतं. तळाचं टाकायचं असतं. तिला सांगायचं राहून गेलं.

म्हणजे यांनी गाळ पाहिला आणि तो कचरा समजले. हिनं दाट औषध पाहिलं आणि ते वाया जाऊ नये म्हणून धुऊन पाजलं. दोघंही आपापल्या जागी इतके बरोबर होते की दुसरं कुठलं जोडपं असतं तर हे घडलंच नसतं. एखादी आळशी, विसराळू बायको असती, बाटली आपटत ठेवणारी, तर भावोजी आज वर्कशॉपमध्ये असते.

हे मी ताईला सांगितलं, तिचा भार कमी होईल म्हणून. तिनं ऐकलं आणि मान हलवली. "त्यांनी पाहिलं," ती म्हणाली, "पण पाजलं मी." मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाली की यापुढे औषध तू द्यायचंस, तू खालीच राहतेस, मी त्या बाटलीला हात लावणार नाही. मला वाटलं, आज म्हणतेय, विसरेल. पण नर्स औषधाचा ट्रे घेऊन आली की ताई उठून व्हरांड्यात जायची. भावोजींना घास भरवायची, त्यांचं तोंड पुसायची, उशी सारखी करायची. औषधाची वेळ झाली की ती तिथे नसायची. बत्तीस वर्षं ज्या हातातून त्यांनी रोज औषध घेतलं, तो हात तिनं काढून घेतला होता. मला राग आला, मग राग गेला आणि भीती वाटायला लागली. ताई हट्टाची आहे. एकदा मागे सरली की ती परत पुढे येत नाही. आणि तिच्याशिवाय भावोजींचं कसं होणार, हे मला कितीही मापं पाठ केली तरी सुचत नव्हतं.

सहाव्या दिवशी प्रमाण जागेवर आलं. डोळे टिकायला लागले, मी रोज डावी-उजवी करून बघत होते. औषध कमी मापानं पुन्हा सुरू झालं आणि आठव्या दिवशी आम्ही घरी आलो. डॉक्टरबाईंनी सगळं लिहून दिलं: बाटली दर वेळी नीट हलवायची, चमच्यानं नाही, मापाच्या पिचकारीनंच द्यायचं, डोस राहिला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही, लेबलावर काही चिकटवायचं नाही, आठवड्यानं रक्त तपासायचं. घशाचं बघितलं की पुन्हा गोळ्या.

भावोजी खुर्चीत बसले. पुन्हा तेच, शांत, थोडे लांब. रुग्णालयात काय काय बोलले त्यातलं त्यांना काही आठवत नव्हतं. वाहनचालकांच्या मागची बाई मी सांगितली तेव्हा त्यांचे कान लाल झाले. त्या दोन स्वच्छ आठवड्यांची झळाळी त्यांच्या चेहऱ्यावरून गेली होती, आणि ती परत यायची नाही, हे त्यांनाही कळलं असावं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

संध्याकाळी औषधाची वेळ झाली. मी बाटली हलवली, पिचकारीत रेघेपर्यंत औषध भरलं, उजेडात धरून तपासलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी तोंड उघडलं नाही.

"तिला बोलव," ते म्हणाले.

मी म्हटलं, आजपासून हे खातं माझ्याकडे आलंय, बारीक अक्षरं वाचायचा मला पगार मिळतो. ते हसले. ते खरं आहे, म्हणाले, पण तिला बोलव. स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "माझ्या हातानं नको. तिच्याकडून घ्या."

भावोजी काही वेळ गप्प बसले. मला वाटलं, झालं, आता पुढचं वाक्य उद्या. पण ते बोलायला लागले, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत, सावकाश आणि सलग. इतकं सलग बोलताना मी त्यांना शुद्धीत कधी ऐकलेलं नाही.

"फिट येऊन गेली की मला काही ओळखू येत नाही. जागा कुठली ते कळत नाही. माझं नाव आठवत नाही. माणसं दिसतात, पण कुणीच आपलं वाटत नाही. मग मी बघतो, सगळ्यात जास्त कोण घाबरलंय. जो चेहरा सगळ्यात जास्त घाबरलेला, तो माझ्या माणसाचा. एवढंच मला त्या वेळी कळतं. तिथून मग बाकीचं सगळं परत येतं. बत्तीस वर्षं मी असाच घरी येतोय."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. ताई दारात येऊन उभी राहिली.

"मला वाटायचं, माझ्या चेहऱ्यावर काही दिसत नाही," ती म्हणाली.

"बाकीच्यांना दिसत नसेल," भावोजी म्हणाले. "मी खाली पडलेलो असतो. तू वाकलेली असतेस."

ती आली आणि तिनं माझ्या हातातून पिचकारी घेतली. दिवसभर माणसांचे चेहरे बघणारी मी, माझ्या सख्ख्या बहिणीचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. ती भयंकर घाबरलेली होती. भावोजींनी तिच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.